मी बाबाचा दात पाडला

बाबाचा पुढचा दात मी पाडला. उजव्या हाताने, खांदा मागून आणत, टाच वळवून, आमच्या बॉक्सिंगच्या सरांनी शिकवला अगदी तसा ठोसा. सर म्हणतात, ठोसा हातातून येत नाही, पायातून येतो. माझा त्या दिवशी जमिनीच्याही खालून आला असावा. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. म्हणजे, थोडी आहे फुशारकी. पण तो ठोसा बसला नसता तर पुढचं काही कळलंच नसतं.

आमचं घर वरच्या मजल्यावर आणि रेडिएटर दुरुस्तीचं दुकान खाली. ट्रक, बस, जुन्या मोटारी, ज्यांचं इंजिन तापून पाण्याला उकळी फुटते त्या सगळ्या वाफा सोडत आमच्या दारात येतात. पुढच्या भागात काका. तो रेडिएटर उतरवतो, पाण्याच्या हौदात बुडवतो, हवा भरतो, बुडबुडे कुठून येतात तिथे खडूने खूण करतो आणि गिऱ्हाइकाचं डोकं खातो. मागच्या खोलीत बाबा. तो भोकं बुजवतो. गॅसची ज्योत, ॲसिड आणि सोल्डर, म्हणजे डाग द्यायचा मऊ धातू. खिडकी बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने ज्योत हलली की वितळलेलं सोल्डर नको तिथे ओघळतं. एका हातात ज्योत, दुसऱ्यात पक्कड आणि सोल्डरची तार दातात. "हा माझा तिसरा हात," असं तो म्हणायचा. जेवणाचा डबाही तो तिथेच, त्याच टेबलावर, त्याच हातांनी खायचा. आमच्या आजोबांनीही तसंच काम केलं होतं आणि ते म्हातारपणी सगळ्यांच्या अंगावर ओरडत गेले. त्याला आम्ही स्वभाव म्हणायचो.

बाबा मात्र असा नव्हता. बाबा म्हणजे फुकटची करमणूक होती. बस ड्रायव्हर कसा तक्रार करतो, त्याचा क्लीनर मागे उभा राहून कशी मान डोलावतो, दोघांची नक्कल तो एकटाच करायचा. मग दोनेक वर्षांपूर्वी तो गप्प झाला. आधी नकला गेल्या, मग झोप गेली, मग पोट दुखायला लागलं. सकाळी पलंगाच्या कडेला बसायचा आणि एक मोजा हातात धरून तसाच बसून राहायचा.

शाळेत बाईंनी नैराश्यावर एक तास घेतला तेव्हा फळ्यावर चित्र काढलं होतं. खिडकीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसलेला माणूस. मी हात वर करून विचारलं, "बाई, हा माणूस काही फोडत नाही का?" वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काही जण फोडतात."

आमच्याकडचा फोडायचा. पहिल्यांदा आरसा गेला, मग बाथरूमचं दार, मग खुर्ची खिडकीतून खाली रस्त्यावर. एक ट्रकवाला नुसतं म्हणाला, "शेठ, अजून गळतंय," तर बाबाने रबरी पाइप उचलला आणि त्याच्या पाठीवर असा ओढला की शर्ट फाटून वळ उठले. काकाची एक बरगडी गेली. आणि एकदा, आईने फक्त विचारलं, "दिवा घालवू का?" तर तिच्या कानशिलात बसली. ती भिंतीवर आदळली. कानातून रक्त आलं.

माझी आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिचं सगळं बोलणंच तसं, घासून गुळगुळीत केलेलं. कान धुऊन झाल्यावर ती बाबासमोर बसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पुढच्या वेळी हात उठला की मी हिला घेऊन जाणार. परत येणार नाही. हे मी रागात बोलत नाहीये, नीट ऐकून ठेव."

बाबा रडला. पायाही पडला असता, तिने पडू दिलं नाही.

मला बाबा हवा होता. अगदी साफ सांगते, मला दोघंही एकाच घरात हवे होते, आणि त्याला पुढची वेळ येऊ न देणं एवढाच उपाय होता. म्हणून मी बॉक्सिंगला जायला लागले तेव्हाच घरातही उपचारांची मोहीम सुरू झाली. मोहिमेची सेनापती माझी आत्या. बाबाची मोठी बहीण. दोन पिशव्या मुळ्या-पाल्याच्या घेऊन ती आली आणि सोफ्यावर मुक्काम ठोकला.

स्वयंपाकघरात बैठक बसली.

"बाबा गेल्याचं दुःख ह्याच्या आत साचलंय," आत्या म्हणाली. बाबा म्हणजे त्यांचे बाबा, माझे आजोबा, आणि सोन्या म्हणजे माझा बाबा. "सोन्या तेव्हा रडलाच नाही."

"रडायला वेळ कुठे होता? तीन ट्रक उभे होते," काका म्हणाला. "ताई, रिकामं डोकं हे कारण आहे. घाम गाळू दे त्याला. राग पितळेवर काढ म्हणावं, माणसावर नको."

"डॉक्टर," आई म्हणाली.

"मी वेडा नाही," बाबा आतल्या खोलीतून ओरडला आणि काहीतरी फुटलं.

"बघ, डॉक्टरचं नाव काढलंस," आत्या म्हणाली.

तर डॉक्टर राहिला. त्याऐवजी सकाळी गच्चीवर ऊन, नाक बंद करून भुंग्यासारखं गुणगुणणं, गवतावर अनवाणी चालणं, आणि काढा. गंमत म्हणजे यातलं काही काही चक्क लागू पडायचं. सुट्टीच्या दिवशी बाबा माझ्याबरोबर मैदानापर्यंत चालत यायचा, कडेला बसून आमचा सराव बघायचा, आणि परतताना सरांची नक्कल करायचा. पूर्ण दिवस चांगला जायचा. दुसऱ्या दिवशी काका त्याला उपचार म्हणून दुप्पट काम द्यायचा आणि बाबा मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. संध्याकाळी पुन्हा भांडी उडायची. यावरून कुणालाही काही कळायला हवं होतं. आम्हाला कळलं नाही. आम्ही म्हणालो, काढा वाढवा.

त्या काढ्याला आत्याला तांब्याचंच भांडं हवं होतं. बाजारातली तिला कागदासारखी पातळ वाटली.

"अगं, आपल्याकडे तांब्याचा पत्रा पडलाय की," काका म्हणाला. "आणि घरात एवढा कारागीर असताना भांडं विकत आणायचं? लोक हसतील."

बाबाने ते भांडं बनवलं. कितीतरी महिन्यांत त्याने पहिल्यांदा काहीतरी मनापासून केलं. पत्रा कापला, गोल वळवला, बूड बसवलं, आणि गळू नये म्हणून आतून सगळीकडे सोल्डरची जाड रेघ ओढली. चांदीच्या काठासारखी चकाकत होती. आम्ही कौतुकाने बघत राहिलो. मग आत्या त्यात आंबट सुकी फळं आणि पाला टाकून मंद आचेवर उकळत ठेवायची, तसंच मुरू द्यायची, आणि सकाळी उपाशीपोटी बाबाला पाजायची. मी शेजारी उभी राहून शेवटचा घोट संपेपर्यंत बघायचे. बाबा नाक मुरडायचा, पण प्यायचा. माझ्यासाठी प्यायचा.

महिना-दीड महिन्यात तो भयंकर झाला. त्याच्या हातातून कप पडायचे आणि मग पडलेल्या कपावर तो पाय मारायचा. उजवं मनगट लोंबायला लागलं होतं. आत्या म्हणाली, "आजार बाहेर पडताना उसळी मारतोच. घाबरू नका." आणि दुपारचाही एक पेला सुरू केला.

मग तो दिवस आला. मी सरावावरून आले होते, हाताला गुंडाळलेल्या पट्ट्याही सोडल्या नव्हत्या. दुकानात शिरले तर पुढे कुणी नाही, हौदात एक रेडिएटर नुसताच बुडबुडे सोडतोय, आणि मागच्या खोलीतून आवाज. आधी काकाचा, "दादा, सोड तिला," मग धातूवर काहीतरी आपटल्याचा, मग काकाची किंकाळी. अशी किंकाळी मी मोठ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

आई फक्त सांगायला गेली होती की तिने डॉक्टरची वेळ घेतली आहे. बाबाने तिचे केस मुठीत पिळून तिचं डोकं टेबलावर दाबलं होतं. तिच्या मानेपासून वीतभर अंतरावर ज्योत चालू होती. केस जळल्याचा वास सगळ्या खोलीत भरला होता. काका मध्ये पडला तेव्हा त्याच्या हातावर हातोडा बसला होता आणि तो हात छातीशी धरून जमिनीवर लोळत होता. जिथे वाकायला नको तिथे हात वाकला होता. आत्या दारात उभी राहून "सोन्या, श्वास घे, सोन्या, श्वास घे," एवढंच म्हणत होती.

"बाबा," मी म्हटलं.

त्याने बघितलं, पण त्याला मी दिसले नाही. त्याचे डोळे नुसते माझ्या दिशेला होते. त्याने हातोडा पुन्हा उचलला.

मी विचार वगैरे केला नाही. डावा पाय पुढे, हनुवटी खाली. ठोसा त्याच्या तोंडावर बसला तेव्हा काहीतरी कचकन तुटलं, आणि ते माझं बोट नव्हतं. बाबा मागच्या कपाटावर आदळला, सोल्डरच्या कांड्या त्याच्या अंगावर खळखळत कोसळल्या, आणि तो खाली बसला. त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. मी गॅसचा नळ बंद केला. आईची मान ओल्या फडक्याने दाबली.

बाबाने तोंडातून दात काढून तळहातावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"कोणी शिकवलं हे तुला?" त्याने विचारलं. आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागला.

सगळ्यांनाच दवाखान्यात न्यावं लागलं. काकाचा हात, आईची मान, बाबाचं तोंड. आम्ही रांगेत बसलो तेव्हा समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी विचारलं, "अपघात झाला का गं?" मी म्हटलं, "हो, घरातच." त्या म्हणाल्या, "घरातलेच मोठे असतात."

बाबाबरोबर आत मी गेले, कारण आई त्याच्याशेजारी उभी राहायला तयार नव्हती. दातांची डॉक्टर तरुण होती, माझ्या बाईंपेक्षाही लहान. तिने दिवा धरला, ओठ वर केला, आणि मोकळ्या खाचेकडे बघायचं सोडून भलतीकडेच बघत बसली.

"हिरड्यांवर ही निळी रेघ कधीपासून आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं. कोण बघतं बाबाच्या हिरड्या? मी वाकून बघितलं. दातांच्या मुळाशी, पेनने आखावी तशी, बारीक निळी-काळी रेघ.

"काम काय करता तुम्ही?"

बाबाने सांगितलं. तिने त्याला दोन्ही हात पुढे करून मनगटं ताठ धरायला लावली. डावं राहिलं. उजवं हळूहळू खाली पडलं, मेलेल्या पक्ष्याच्या मानेसारखं. ती बाहेर गेली आणि एका मोठ्या डॉक्टरला घेऊन आली. त्यांनी रक्त घेतलं, पोटदुखीचं विचारलं, झोपेचं विचारलं. बाबाला त्यांनी दवाखान्यातच ठेवून घेतलं.

रक्ताचा निकाल आला तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती होतो. आई सोडून. ती दाराला टेकून उभी होती.

"शिसं," मोठे डॉक्टर म्हणाले. "सोल्डरमध्ये शिसं असतं. धुरातून जातं, बोटांवरून अन्नात जातं. रक्तातून हाडात, मेंदूत. माणूस उदास होतो, चिडतो, झोप उडते. सगळ्याला हेच एक कारण आहे असं मी म्हणणार नाही. वडील गेल्याचं दुःखही असेल, ते बोलायलाही आपल्याकडे माणसं आहेत. पण हे आत असताना बाकीचं काही टिकणार नाही. फक्त एक कळत नाही. गेल्या काही आठवड्यांतच एवढं एकदम कसं वाढलं? पोटातून काही जातंय का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी भांड्याचं सांगितलं. आतली चकाकती रेघ, आंबट फळं, मुरवणं, उपाशीपोटी.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "आंबटाने शिसं सुटतं," ते म्हणाले.

"पण ते सगळं नैसर्गिक होतं," आत्या म्हणाली.

"शिसंही नैसर्गिकच आहे, ताई. खाणीतून येतं."

आत्या वळली आणि काकाच्या मुस्काटात अशी लगावली की त्याचं प्लास्टर खाटेच्या लोखंडावर आदळलं. "पत्रा पडलाय की," ती म्हणत होती आणि मारत होती. "पत्रा पडलाय की." काका एका हाताने तोंड झाकत म्हणाला, "दुपारचा पेला कोणी वाढवला, ताई?" तेव्हा ती स्वतःच्याच तोंडात मारायला लागली. नर्सने तिचे हात धरले.

आणि मी? मी आनंदाने वेडी झाले होते. खोटं कशाला बोलू. गुन्हेगार सापडला होता, आणि तो बाबा नव्हता. मी दाराकडे धावले आणि आईचे दोन्ही खांदे धरले.

"आई, तो नव्हताच. शिसं होतं ते."

"ऐकलं मी."

"मग आपण नाही ना जायचं?"

तिने मानेवरची पट्टी सारखी केली. "केस शिशाने नाही धरले माझे. हात त्याचा होता."

"पण त्याला कळतच नव्हतं."

"मला कळत होतं. माझी मान मला कळत होती."

मी भिंतीवर बुक्की मारली. रंगाचा पोपडा पडला आणि बोटांची सालं निघाली. मी तिला म्हटलं की तू दगड आहेस, तुला तो बरा व्हायलाच नको आहे. वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरून माना वळल्या. आई हलली नाही.

"तू मारलंस म्हणून तो थांबला," ती म्हणाली. "आता मी काय करू? रोज तुला पट्ट्या बांधून दाराशी उभी करू?"

मी सोललेली बोटं तोंडात घातली.

उत्तर बाबाकडे होतं. तो खाटेवर उठून बसला होता, पुढच्या दातात खिडकी, सलाइनची सुई हातात. "त्यांनी का जायचं?" तो आत्याला म्हणाला, पण ऐकवत होता आईला. "घर तिने सांभाळलंय. मी तुझ्याकडे येतो राहायला. ती बोलवेल तेव्हा येईन. नाही बोलवलं तर नाही येणार."

"ते मी ठरवेन," आई म्हणाली.

"तूच ठरव."

तर बाबा आत्याकडे गेला. औषधं सुरू झाली, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. मन मोकळं करायला एका बाईंकडेही तो जायला लागला. पहिल्या वेळी म्हणे तासभर नुसता बसून राहिला आणि दुसऱ्या वेळी आजोबांवर इतका ओरडला की शेजारच्या खोलीतून माणूस बघायला आला. काकाने धड हाताने घण घेतला आणि मागच्या खोलीची बंद खिडकी चौकटीसकट फोडून काढली. विटा रस्त्यापर्यंत उडाल्या. तिथे आता हातभर रुंदीचा पंखा धूर बाहेर फेकतो. काकाचंही रक्त तपासलं, आईचं आणि माझंही. काकाचं थोडं जास्त निघालं. आता कुणी आत डबा नेला की तो त्याच्या मागे धावतो.

बरेच महिने आईने बाबाला बोलावलं नाही. मग एके रविवारी म्हणाली, "येऊ दे."

तो आला. केस विंचरलेले, नवा दात थोडा जास्तच पांढरा. दारात उभा राहिला, आई "आत ये" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडला नाही. काका खालून जेवायला आला. सुरुवातीला सगळं छान चाललं. बाबाने त्याच्या डॉक्टरची नक्कल केली, आणि आई हसली, अगदी थोडी, ओठाच्या एका कोपऱ्यात. मी ते पाहिलं. मी मनात नाचले.

मग पाण्याचा पेला त्याच्या हातातून निसटला. मनगट अजून पूर्ण बरं नव्हतं. पाणी टेबलभर, आईच्या मांडीवर.

"राहू दे, मी पुसते," आई म्हणाली.

"दादाचा हात म्हणजे आपलाच गळका रेडिएटर," काका म्हणाला. तो विनोद होता. काकाला कधी गप्प बसावं ते कळत नाही.

बाबाची मूठ टेबलावर आपटली. ताटं उडाली, एक फुटलं. तो उभा राहिला, खुर्ची मागे कोसळली, आणि मूठ वर गेली, खांद्याच्याही वर. त्याचा चेहरा तोच होता, मागच्या खोलीतला. मी केव्हाच उठले होते. आई भिंतीला चिकटली होती. काकाने प्लास्टर निघालेला हात पोटाशी धरला होता.

पण या वेळी बाबाला मी दिसले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मुठीकडे. ती अजून वरच होती. त्याने ती दुसऱ्या हाताने धरून खाली आणली, एखादी जड वस्तू उतरवावी तशी.

"मी चालून येतो," तो म्हणाला. जिन्यावरून त्याची पावलं धडाधड खाली गेली.

आम्ही ताटाचे तुकडे उचलले. आईने आतून साखळी लावली. मी बघितलं.

बऱ्याच वेळाने टकटक झाली. हलकी.

आई दाराशी गेली. साखळी न काढता दार बोटभर उघडलं. मी तिच्या मागे उभी होते, मुठी आवळून, आणि मला कळत नव्हतं की या मुठी कोणासाठी आहेत. दार उघड, उघड, असं मी मनात म्हणत होते. उघडू नकोस, असंही म्हणत होते.

"आज नको," आई म्हणाली. "आज तू परत जा."

दोन वर्षांत त्याला कुणी इतकं सरळ "नाही" म्हटलं नव्हतं, म्हणजे म्हटलं होतं, पण त्यानंतर काहीतरी फुटलं होतं. मी वाट बघत होते. आईचे खांदे कानांपर्यंत आले होते.

"बरं," बाबा म्हणाला.

आईने श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

"पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"विचार करून सांगते," आई म्हणाली. मग, दार लावायच्या आधी, "मनगटाचा व्यायाम करतोस का?"

"कधी कधी."

"रोज कर," ती म्हणाली, आणि दार लावलं.